डाव्या हातावरचे वळ

मंगळवार, १८ जून

डॉक्टर नेलिदा ब्रुसा यांनी छातीतील कळांची नोंद ठेवायला सांगितली आहे: कधी आली, तेव्हा काय करीत होतो, कशाने थांबली. चाळीस वर्षे या ज्यू वसाहतीतल्या मुलांना शास्त्र शिकवताना मी एकच गोष्ट बजावत आलो, की लिहिणाऱ्याने प्रथम स्वतःशी खरे बोलावे. तेव्हा नुसत्या कळा टिपून भागणार नाही.

निदान असे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तीन वाहिन्या अरुंद झाल्या आहेत. ऑगस्टच्या आरंभी सांता फे येथे छाती उघडून नव्या वाटा जोडाव्या लागतील. तोवर हृदयाने आहे तेवढ्या रक्तावर तग धरायचा.

मी त्यांना माझे एक नवल सांगितले. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा; सकाळी प्रार्थनाघराकडे निघालो की चौकातल्या बकाणाच्या झाडांपाशी, कोणी छातीवर गुडघा रोवावा तशी कळ येते. बाकावर बसतो, ती जाते. मग उठून त्याच थंडीत, त्याच चालीने पुढे जातो आणि काहीही होत नाही.

"पहिल्यांदा दुखले ते खरे, की दुसऱ्यांदा दुखले नाही ते?" मी विचारले.

"दोन्ही खरं, मास्तर," त्या हसल्या. इथे सारे मला मास्तरच म्हणतात. माझ्याकडे न शिकलेलेसुद्धा. "पहिल्यांदा हृदय उपाशी राहतं म्हणून ओरडतं. पण ओरडता ओरडता शहाणं होतं. थोडक्यात भागवायला शिकतं. थोडी थोडी उपासमार सोसलेलं हृदय मोठ्या उपासमारीत कमी मरतं."

त्यांनी पडद्यावर माझ्या वाहिन्यांचे चित्र दाखवले. मोठी वाहिनी जिथे बुजली आहे तिथे तिच्या दोन्ही अंगांनी केसासारख्या बारीक रेषा वळसा घालून पलीकडे गेल्या होत्या. "पूर आला की मोठा रस्ता बंद होतो, तेव्हा ट्रकवाले काय करतात?" "लसूणघासाच्या शेतातून चाक घालतात," मी म्हणालो. "तसंच. हे तुमच्या हृदयाने स्वतःच पाडलेले रस्ते. कुणी सांगितलं नव्हतं त्याला."

कुणी सांगितले नव्हते, असे त्यांना वाटते. 

मग रक्तदाब घेण्यासाठी त्यांनी माझी बाही वर सारली आणि थबकल्या. "हे वळ कसले?"

तेफिलीनचे, मी सांगितले. चामड्याची डबी डाव्या दंडावर हृदयाकडे कलती बांधायची, पट्ट्याचे सात वेढे मनगटापर्यंत घ्यायचे, आणि प्रार्थना करायची. तेराव्या वर्षापासून, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रामदिन आणि सण सोडून, रोज.

त्यांचे डोळे लहान मुलीसारखे चमकले. "मास्तर, तुम्हाला माहीत आहे का? हात थोडा वेळ आवळून रक्त अडवलं आणि सोडलं, पुन्हा आवळलं, सोडलं, तर त्या हातातून काहीतरी निरोप हृदयाकडे जातो. ते लांबूनच सावध होतं. शस्त्रक्रियेआधी काही ठिकाणी मुद्दाम करतात. गुण येतो म्हणणारे आहेत, नाही म्हणणारेही आहेत. पण तुमच्या या पट्ट्यांवर परदेशात कुणीतरी अभ्याससुद्धा केलाय! तुम्ही तर साठ वर्षं औषध घेताय, फुकटात!"

माझी पत्नी पेर्ला शेजारी बसली होती. "बघ," ती म्हणाली, "आणि मी म्हणत होते, सकाळी एवढा वेळ काय करतो."

घरी येईपर्यंत मला आनंदच वाटत होता.


शुक्रवार, २१ जून

आनंद टिकला नाही.

पट्टा आवळताना पूर्वी मनात जे शब्द येत ते आज आले नाहीत. बोटे पांढरी पडली का, निरोप निघाला असेल का, हेच येत राहिले. प्रभूचे नाव मुखात आणि ध्यान स्वतःच्या नाडीवर. तेफिलीन काढले तेव्हा असे वाटले की प्रार्थना झालीच नाही. औषधाची मात्रा तेवढी झाली.

आमचे जुने आचार्य सांगून गेले आहेत की वेतनाच्या आशेने धन्याची सेवा करणाऱ्या चाकरासारखे होऊ नये. हे वाक्य मी किती मुलांच्या तोंडून घोकून घेतले असेल! घोकून घेणाऱ्यावर ते कधी उलटेल असे वाटले नव्हते.


रविवार, २३ जून

काल शब्बाथ, पट्टा नाही. तरी चौकात कळ आली नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या की आवळण्याचा गुण एकदा लगेच येतो, मग ओसरतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन दोनतीन दिवस राहतो. म्हणजे शुक्रवारचा पट्टा शनिवारला पुरतो. वाळवंटात आमच्या पूर्वजांना शुक्रवारी दुप्पट अन्न मिळे ते शब्बाथसाठी. एरवी अशा साम्यावर मी एक सबंध प्रवचन रचले असते. काल मात्र मला ते हिशेबी वाटले आणि लाज वाटली.


सोमवार, २४ जून

निर्णय केला. नियम इतकाच आहे की डबी दंडावर स्थिर राहावी आणि वेढे असावेत. वेढ्यांनी हात कचकचून आवळलाच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. आजपासून वेढे सैल घेतो. आज्ञाही पाळली जाईल आणि लाभही होणार नाही. सेवा पुन्हा सेवा होईल.

आज प्रार्थनाघरात, सामूहिक प्रार्थनेला लागतात तेवढे, जेमतेम दहा जण जमले. दहावा नेहमीप्रमाणे सिम्खा. दुग्धसंघाचा जुना अध्यक्ष, गायींचा जाणकार, आणि वसाहतीतला एकमेव उघड नास्तिक. आमचे तरुण बुएनोस आइरेसला आणि त्याहून लांब गेले, तेव्हापासून त्याच्याविना संख्या भरत नाही. तो मागच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचतो आणि "आमेन" योग्य जागी म्हणतो. आज बाहेर पडताना म्हणाला, "मास्तर, चेहरा अगदी संतासारखा दिसतोय. काय, बिघडलंय काही?"


रविवार, ३० जून

कळा वाढल्या आहेत. बुधवारी दोनदा, शुक्रवारी पायऱ्या चढताना, काल चौकात दुसऱ्या वेळीही. दुसऱ्यांदा चालताना कळ येणे हे नवीन. यंदा दव फार गोठते आहे. गवत सकाळी काचेसारखे मोडते. थंडीत वाहिन्या आखडतात असे डॉक्टरांनी सांगितलेच होते. कारण तेच असणार.

मन मात्र शांत आहे. निदान आहे असे मी म्हणतो.


बुधवार, ३ जुलै

पेर्लाचे काहीतरी बिनसले आहे. सकाळी न्याहारीला बसलो, तिने माते नावाच्या इथल्या कडू चहाचा तुंबा माझ्या हातात दिला आणि हात सोडलाच नाही. बाही वर होती. ती माझ्या वळ नसलेल्या गुळगुळीत हाताकडे बघत राहिली.

"एफ्राईम, तू कुणावर रागावलायस का?"

"कुणावर?"

"वरच्यावर."

"काहीतरीच. मी कशाला रागावू?"

"मग ठीक," ती म्हणाली आणि उठून गेली. दुपारी ओट्यापाशी डोळे पुसत होती. कांदा, असे म्हणाली. पण स्वयंपाक भोपळ्याचा होता, त्यात ती कांदा घालत नाही. विवाहाला सेहेचाळीस वर्षे झाली तरी तिच्या काही गोष्टींचा उलगडा होत नाही. आजाऱ्याची शुश्रूषा माणसाला हळवे करते, असे समजून मी तिला संध्याकाळी चौकात फिरायला नेले. कळ आली, पण मी ती बुटाची नाडी बांधण्यात लपवली.

पाप झाले का? लपवणे हे असत्यच. परंतु शांततेसाठी थोडे असत्य चालते, असेही आपले शास्त्र सांगते. शास्त्र आजकाल मला फार सोयीचे सापडते.


मंगळवार, १६ जुलै

डॉक्टरांकडे गेलो. नवीन तपासणीत असे दिसले की हृदयाच्या भिंतीचा एक भाग हलेनासा झाला आहे.

"मेला?" मी विचारले.

"मेला किंवा झोपला. रक्त कमी मिळायला लागलं की काही भाग काम बंद ठेवून नुसता जिवंत राहतो. खर्च कमी करतो. वाट बघतो. रक्त पुन्हा मिळालं तर उठतो. कोणता मेला आणि कोणता झोपला हे वाट मोकळी झाल्याशिवाय नक्की कळत नाही."

सिम्खा आम्हाला त्याच्या गाडीतून घेऊन आला होता आणि, कोणी बोलावलेले नसताना, आत येऊन बसला होता. "दुष्काळात गाय आटते, डॉक्टर," तो म्हणाला. "दूध बंद करते म्हणून तर वाचते. अडाणी माणूस म्हणतो, मेली, कापा. जाणता म्हणतो, थांबा, पाऊस येऊ दे."

"तुम्ही कुठल्या विद्यापीठातून?" डॉक्टरांनी विचारले.

"गोठ्याच्या. तिथे परीक्षा पहाटे चारला असते."

डॉक्टरांनी मग पट्ट्याची चौकशी केली. मी त्यांना स्पष्ट सांगितले की ती ईश्वरसेवा आहे आणि मी तिला उपचार बनवू इच्छित नाही. त्याविषयी पुन्हा बोलू नये. हात आवळण्याचा दुसरा काही उपाय असल्यास तोही नको. जे व्हायचे ते होवो. त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिले. मग "बरं" म्हणाल्या.

मी पडद्यामागे सदरा घालत होतो तेव्हा त्या आणि पेर्ला बाहेरच्या खोलीत कुजबुजत होत्या. बऱ्याच वेळाने पेर्ला परतली ती हातात रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन. जुन्या पद्धतीचे, फुगा दाबून हवा भरायचे. रोज दोन्ही वेळा घरी दाब मोजायचा, असे ठरले म्हणे. "इतका वेळ काय बोलत होतात?" मी विचारले. "गाजराच्या केकची कृती," पेर्ला म्हणाली. डॉक्टरीण बाई इटालियन वळणाच्या. त्यांना आमचा मधाचा केक आवडतो हे मला ठाऊक होते, गाजराचे मात्र नवीन.


गुरुवार, १८ जुलै

पेर्लाला कमी ऐकू येऊ लागले आहे. हे मला यंत्रामुळे समजले.

ती माझ्या उजव्या दंडाला ते फडके गुंडाळते. डावा का नाही, असे विचारले तर म्हणाली, "डावा देवाचा." हवा भरते, कानांत नळ्या घालते, आणि ठोके सापडत नाहीत. तोवर हवा तशीच. हात पांढरा पडतो, बोटांना मुंग्या येतात.

"पेर्ला, हात मेला!"

"थांब रे, सापडतोय. तुला सांगितलं का, रोसारिओच्या मावशीने लग्नात घोड्यावर बसायचा हट्ट धरला होता?"

"हजारदा सांगितलंस."

"तर घोडा होता काळा..." आणि ती घोड्यापासून मांडवापर्यंत जाते. मग हवा सोडते. ऐकूच आलं नाही, म्हणते. एक तुंबाभर माते करते, आणि पुन्हा फडके गुंडाळते. असे तीनचारदा. मग कुठे तिला आकडा मिळतो, तोही ती मला सांगत नाही. "चांगला आहे," एवढेच.

वार्धक्याने इंद्रिये एकेक करून निरोप घेतात. मी तिला दुखवत नाही. मावशीचा घोडा रोज नव्याने ऐकतो.


बुधवार, २४ जुलै

श्रवणदोषाचे स्वरूप चमत्कारिक आहे. आज फडके दंडावर फुगलेले असताना सिम्खा फाटकाबाहेर त्याच्या कुत्र्याशी पुटपुटत होता. पेर्ला कानांत नळ्या असूनसुद्धा आतून ओरडली, "सिम्खा, त्याला नको शिव्या देऊ, तो तुझ्याहून शहाणा आहे!" माझ्या नाडीचा ठोका मात्र तिला सापडत नाही. जवळचे ऐकू येत नाही आणि लांबचे येते, असाही एक प्रकार असतो असे वाटते. डॉक्टरांना विचारावे.

कळा या आठवड्यात कमी आहेत. थंडी तशीच आहे. देवाची दया.


सोमवार, २९ जुलै

आज अपमान झाला. आणि तो मी स्वतः ओढवून घेतलेला.

ग्रंथवाचनासाठी मला पीठावर बोलावले. हात वर करताच सातही वेढे घसरून मनगटाशी गोळा झाले. दंडावरची डबीही कलंडली. नऊ माणसांनी पाहिले. म्हातारपणी हाताचे मांस गेले, असे त्यांना वाटले असावे; एकदोघांनी मान खाली घातली. मी पट्टा सावरीपर्यंत सगळे थांबले. 

सिम्खाने घरी सोडतो म्हणून गाडीत बसवले आणि गोठ्याच्या फाटकापाशी गाडी थांबवली.

"पट्टा ढिला की हात बारीक?"

मी त्याला सर्व सांगितले. का सांगितले ठाऊक नाही; धर्माची गोष्ट मी एका नास्तिकाला सांगत होतो. तो आधी मोठ्याने हसला. मग हसणे थांबले.

"म्हणजे फायदा होऊ नये म्हणून तुम्ही मुद्दाम सैल बांधता? छातीत कळा येत असताना?"

"सेवा मोबदल्यासाठी करू नये, सिम्खा."

"आणि मी? तीस वर्षं येतोय. माझा त्याच्यावर विश्वास नाही हे तुम्हाला ठाऊक, आणि तो असलाच तर त्यालाही ठाऊक. मी येतो कारण प्रार्थनेनंतर हेरिंग मासा आणि एक घोट मिळतो, आणि घरी थांबलो तर सून भांडी घासायला लावते. मला मोजता की नाही दहात?"

"मोजतो."

"हेतू तपासून?"

"नाही. तू तिथे असतोस म्हणून."

"मग मास्तर, स्वतःचीच एवढी कडक परीक्षा का घेता? मला पास करता आणि स्वतःला नापास?" त्याने गाडीचे इंजिन बंद केले. "एक विचारू? रागवू नका. फायदा नको, असं तुम्ही म्हणता. की मागितला आणि मिळाला नाही तर काय, ही भीती आहे?"

 एक गाय फाटकाला अंग घासत होती. घरी पोचवून तो म्हणाला, "पेर्ला वहिनींना सांगू नका मी असं बोललो. त्या मला जेवायला बोलवायच्या बंद होतील."


मंगळवार, ३० जुलै

रात्रभर एकच प्रसंग डोळ्यांपुढे. आमचा पूर्वज नदीकाठी अनोळखी पुरुषाशी, म्हणजे देवदूताशीच, पहाटेपर्यंत झुंजला. मांडीचा सांधा निखळला तरी त्याने पकड सोडली नाही. हा धडा मी चाळीस वर्षे शौर्य म्हणून शिकवला. तो तिथे काय करीत होता? आशीर्वाद मागत होता. उघड उघड मागत होता, आणि घट्ट धरून मागत होता. आणि त्या अनोळखी पुरुषाने, 'तू स्वार्थी आहेस,' असे म्हटले नाही.

आज पट्टा घट्ट बांधला. पूर्वी बांधत असे तसा. प्रार्थना चांगली झाली असे म्हणता येत नाही. मध्येच नाडीकडे लक्ष गेलेच. गेले तर गेले.

न्याहारीला पेर्लाने बाही सारून हात पाहिला.  माझ्या पावावर मुरांबा दोनदा लावला, दुसऱ्यांदा लावते आहे हे तिला कळलेही नाही, आणि नंतर अंगणात कपडे वाळत घालताना गाणे म्हणत होती. आज ऊन चांगले पडले होते. तिला उन्हाची आवड आहे.


रविवार, ४ ऑगस्ट, सांता फे

उद्या सकाळी शस्त्रक्रिया.

कक्षात आम्ही सहा रुग्ण. शेजारच्या खाटेवर एक ट्रकचालक आहे, भिंतीवर मरियमेचे चित्र डकवून त्याने ती मलाही वाटून दिली आहे: "मास्तर, तुमच्याकडूनही बघेल ती, तिचीही जात तुमचीच होती." 

सायंकाळी भेटीची वेळ संपत आली. पेर्ला माझी चप्पल खाटेखाली नीट लावत होती. तिसऱ्यांदा लावत होती. "काय वाटतंय?" तिने विचारले.

मी एक वाक्य तयार ठेवले होते. ईश्वराने दिलेले ईश्वराने घ्यावे, अशा अर्थाचे, चांगले होते. ते म्हणायला तोंड उघडले आणि हळूच निघाले ते हे: "मला भीती वाटते. मला जगायचंय, पेर्ला."

तिने मान वर केली नाही. चपलेचा पट्टा सरळ करीत बसली. बिचारीला ऐकू आले नाही, हे माझ्या लक्षात आले. एकदा बोलून बसलो होतो. आता तिच्यापर्यंत न पोचता ते हवेत राहावे हे मला सहन होईना. म्हणून मी वाकलो आणि तिच्या कानाशी सगळ्या ताकदीने ओरडलो:

"मला जगायचंय! तुझ्याबरोबर!"

 परिचारिकेच्या हातातली थाळी वाजली. मग ट्रकचालक म्हणाला, "आम्हालासुद्धा, मास्तर. फक्त आम्ही ओरडत नाही." आणि सगळे हसले. मीही हसलो, छाती दुखली, पण हसलो.

पेर्लाने तेव्हा मान वर केली. चेहरा ओला होता. "पहिल्या वेळीच ऐकलं होतं रे मी," ती म्हणाली.

मग लगेच उत्तर का दिले नाही, ते कळले नाही. आता दिवे मालवायला सांगत आहेत.


शुक्रवार, १६ ऑगस्ट

लवकर दमतो. थोडेच लिहितो.

जिवंत आहे. सहा खाटांपैकी पाचांवर माणसे बसून जेवत आहेत. ट्रकचालकाची खाट रिकामी आहे. त्याचे चित्र भिंतीवर तसेच राहिले आहे. ते काढायला कोणाचा हात होत नाही. मी त्याच्यासाठी स्तोत्र म्हटले. आमचे की त्याचे, याचा विचार केला नाही.

डॉक्टर नेलिदा आज मुद्दाम येऊन गेल्या. झोपलेली भिंत हलू लागली आहे. पूर्ण नाही, बरीच. शस्त्रक्रियेत हृदय थांबवून पुन्हा चालू करतात, तेव्हा ते फारसे कुरकुरले नाही म्हणाल्या. "चांगली तयारी करून आणलं होतंत," असे म्हणून त्यांनी पेर्लाकडे पाहिले. मी नम्रपणे सांगितले की ती तयारी माझी नव्हती. "ते खरंच," त्या म्हणाल्या. सिम्खाला फोनवर कळवले तर ओरडला, "आटलेली पान्हावली! सांगितलं होतं ना!"

नवी वाट जोडायला त्यांनी माझ्या डाव्या हातातली एक वाहिनी काढून हृदयाला लावली. मनगटापासून कोपराखालपर्यंत टाके आहेत. तो हात साठ वर्षे पट्टा सोसत आला. आता त्याने आपली शीरच देऊन टाकली. याहून मोठे भाष्य मला सुचत नाही आणि सुचवून घ्यावेसेही वाटत नाही.


गुरुवार, १२ सप्टेंबर

रक्तदाबाचे यंत्र पेर्लाने परत पाठवले. दोन्ही वेळा मोजायची गरज उरली नाही म्हणे. तिचे कानही सुधारलेले दिसतात. परवा मी उशीत तोंड घालून पुटपुटलो की सूप अळणी आहे, तर स्वयंपाकघरातून उत्तर आले. मी कानाच्या वैद्याकडे जाण्याचा आग्रह सोडून दिला आहे.

आज प्रथमच प्रार्थनाघरात गेलो. चौकातून थेट; बाकावर बसलो नाही. आमच्या नववर्षाआधीचा एलुल महिना असल्याने प्रार्थनेनंतर शिंग फुंकले गेले. शिंग फुंकणारा वृद्ध, आवाज फाटका, आणि तरी अंगावर काटा आला.

टाक्यांची जागा अजून लाल आहे, म्हणून वेढे घेता आले नाहीत. डबी फक्त दंडावर बांधली, पट्ट्याचे टोक सदऱ्याच्या खिशात खोवले. हात मोकळा, उघडा. साठ वर्षांत प्रार्थनेच्या वेळी तो इतका हलका कधी लागला नव्हता, आणि मला पट्ट्याविना फार चुकल्यासारखे झाले.

ठरलेल्या प्रार्थना संपल्यावर मी उभाच राहिलो. मग मागितले. हिब्रूत नाही, पेर्लाशी भांडताना जी भाषा बोलतो त्या भाषेत. कोणासाठी, कशासाठी, हे सर्व सांगून मागितले. ज्ञानासाठी किंवा सेवेसाठी आयुष्य दे, असे म्हणण्याची सवय आहे. ते म्हटले नाही. सकाळच्या मातेच्या तुंब्यासाठी म्हटले. तिच्यासाठी म्हटले. मिळेल की नाही, हे विचारले नाही.

मागे वळलो तर सगळे निघून गेले होते. सिम्खा मागच्या बाकावर वर्तमानपत्र घडी घालून बसला होता.

"फार वेळ लावलात, मास्तर. हेरिंग संपलं. काय मागत होतात एवढं?"

"दिवस."

"किती?"

"आकडा नाही सांगितला."

"बरं केलंत," तो उठत म्हणाला. "आकडा सांगितला असतात तर तो घासाघीस करत बसला असता. चला, पेर्ला वहिनी वाट बघत असतील."